आंग्र्यांच्या आरमारावर कादंबरी लिहिताना : तिथी, भरती आणि मग प्रकाशक

खाडीकरीण

ऐतिहासिक कादंबरी सुचते कशी, लिहिता कधी आणि छापून कशी आणलीत, असे तीन प्रश्न विपूत (विचारपूस, म्हणजे माझ्या खात्यावरच्या निरोपांत) वेगवेगळ्या मंडळींकडून येऊन पडलेत. प्रत्येकाला वेगळं लिहायचा कंटाळा, म्हणून धागाच काढते. माझी पहिली कादंबरी विजयदुर्गाचे आरमारप्रमुख तुळाजी आंग्रे ह्यांच्या सत्तेच्या शेवटच्या वर्षाभोवती आहे, दुसरी लिहून होत आलीय. दोन्हींत सरदार-दरकदार कडेकडेने येतात. मध्यावर आहे ते आरमाराच्या गोदीवर काम करणारं सुताराचं घर. पुस्तकाचं नाव इथे देत नाही, जाहिरात होते आणि ॲडमिन ओरडतात.

आधी सुचण्याबद्दल. विजयदुर्गाहून वाघोटण खाडीत थोडं आत गेलं की आंग्र्यांची गोदी लागते, कातळात खोदलेली. फोटोत ती एखाद्या पडक्या तळ्यासारखी दिसते आणि लोक दोन मिनिटांत सेल्फी काढून निघतात. पण भरतीचं गणित डोक्यात ठेवून तिच्याकडे बघा. जड जहाज उधाणाच्या भरतीलाच वर चढवता येतं. चढवलं, ओहोटीला तळ उघडा पडला, सुतार फळ्या बदलायला खाली उतरले. आता समजा काम लांबलं. अष्टमीच्या आसपास भांग आला की पाणी तेवढं चढतच नाही. जहाज बसलं तिथेच, पुढच्या अमावास्येची किंवा पौर्णिमेची वाट बघत. आणि नेमक्या त्या दिवसांत शत्रूचं आरमार दिसलं तर?

माझी अख्खी पहिली कादंबरी ह्या 'तर' मधून आली. देवीने दृष्टांत दिला नाही की बुरुजावर उभं राहून अंगावर काटा आला नाही. मुलाखतींत लेखक तसं सांगतात तेव्हा मला जरा संशयच येतो.

कोकणच्या इतिहासावर लिहिणाऱ्याला एक साधन फुकट मिळालंय आणि ते फारसं कोणी वापरत नाही, हे मला ह्या धाग्यात मुख्यतः सांगायचंय. जुन्या मराठी कागदावर बऱ्याच वेळा तिथी असते. आमच्याकडे जुने लोक तिथीची पाऊणपट करून भरती सांगतात. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला साडेअकरा-बाराच्या सुमारास, आणि अर्थातच दिवसातून दोनदा. म्हणजे पत्रावर षष्ठी असेल, तर त्या दिवशी साडेचारच्या सुमारास बंदरात पाणी भरलेलं होतं आणि सकाळी दहा-साडेदहाला पुळण उघडी होती. तिथीवरून रात्री चांदणं किती हेही कळतं. महिन्यावरून वारा कळतो. प्रसंग कुठल्या वेळी घडू शकतो आणि कुठल्या वेळी अजिबात घडू शकत नाही, एवढं तो कागद सांगून टाकतो. बाकीची जबाबदारी तुमची.

उदाहरण देते. १२ फेब्रुवारी १७५६ ला इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसनचं आरमार विजयदुर्गात घुसलं, क्लाइव्ह फौज घेऊन बरोबर होता. आंग्र्यांनी पूर्वी धरलेलं 'रेस्टोरेशन' नावाचं जहाज पेटलं, आग एकमेकांना बांधून ठेवलेल्या गुराबांवर (आंग्र्यांच्या मोठ्या लढाऊ जहाजांवर) पसरली, दुसऱ्या दिवशी किल्ला गेला. हे कुठल्याही पुस्तकात सापडतं. आता ती रात्र लिहायची म्हटलं की हात आपोआप काळोखाकडे वळतो, आगीचे लोळ काळोखात उठून दिसतात ना! पण ते दिवस माघ शुद्ध पक्षातले, पौर्णिमा तीनेक दिवसांवर आलेली. चंद्र मध्यरात्र उलटल्यावरही आकाशात होता. मग माझी सुतारीण सड्यावर उभी राहून बघते तेव्हा तिला नुसती आग दिसत नाही. कुठली गुराब जळतेय आणि कुठली अजून शाबूत आहे, हे डोलकाठ्या मोजून तिला कळतं. नवऱ्याने महिनाभर तासलेली काठी कुठली, तेही तिला ठाऊक असतं. काळोख लिहिला असता तर हा प्रसंग मला सुचला नसता.

लिहिण्याच्या सवयीबद्दल फार काही सांगण्यासारखं नाही. आमचा आंब्याचा धंदा. मार्च ते मे पेट्या, पेंढा, गाड्या आणि फोन, त्यात एक ओळ होत नाही. लिहिणं पावसाळ्यात. (आरमारसुद्धा पावसाळ्यात छावणीलाच असायचं, तेव्हा परंपरेला धरूनच चाललंय.) लाइटचा भरवसा नसतो म्हणून पहिला खर्डा वहीत. उजव्या पानावर गोष्ट. डाव्या पानावर त्या प्रसंगाची तिथी, पाण्याची वेळ, वारा, चंद्र आणि माहिती कुठून घेतली ते. डावं पान कोरं राहिलं की समजते, उजव्या पानावर मी थापा मारतेय. थापा मारायला हरकत नाही, कादंबरीच आहे, पण कुठे मारल्या ते आपल्याला माहीत असावं.

प्रकाशनाबद्दल विचाराल तसं प्रतिसादांत लिहीन, तो विषय लांबतो.

---

तांडेल_देवगड

ताई, बरा लिवलास. आमचो आजो घड्याळ वापरी नाय. तिथी इचारी आणि पाणी कधी भरतला ता सांगी. माझ्या बापाशीक अजून तोंडपाठ आसा. पण एक ध्यानात ठेव, ह्यो हिशोब खाडयेच्या तोंडार चलता. आत वर गेलास की पाणी उशिरान येता. तुझो सुतार खाडयेत आत रवता मा? मग थयसर भरती जरा मागसून दाखव.

खाडीकरीण

दादा, हे सोन्यासारखं आहे. दुसऱ्या कादंबरीत खाडीतला प्रवास आहे, तिथे हे लागणारच. एक विचारते. वारा पडल्यावर गुराब कशी हलवायचे? माझ्या वाचनाप्रमाणे गलबतांना चाळीस-पन्नास वल्ही असत आणि ती गुराबांना दोर लावून ओढत.

तांडेल_देवगड

गुराब मिया काय बघूक नाय, पण वडून नेतत ता खरा. आताय मशीन बंद पडला तर दुसरी बोट तसाच करता. फक्त दोर लांब व्हयो, नायतर मागची येऊन पुढच्येर आपाटता. तुझ्या पुस्तकात दोर आखूड आसलो तर गावातलो पोरगोय हसतलो.

---

शंकासुर

लेख आवडला. पण तारखांचा घोळ कसा निस्तरता? इंग्रजी कागद, पोर्तुगीज कागद आणि मराठी कागद, तिन्हींत एकच घटना वेगवेगळ्या दिवशी सापडते.

खाडीकरीण

घोळ आहेच, पण त्याला कुलूपकिल्ली आहे. पोर्तुगीजांनी नवी म्हणजे ग्रेगोरियन दिनदर्शिका १५८२ मध्येच घेतली. इंग्रजांनी सप्टेंबर १७५२ पर्यंत जुनी ज्युलियन चालवली. सतराव्या शतकात दोन्हींत १० दिवसांचं अंतर, १७०० नंतर ११ दिवसांचं. म्हणजे कान्होजी आंग्र्यांच्या काळात गोव्याच्या पत्रावर आणि मुंबईच्या पत्रावर एकाच दिवसाच्या दोन तारखा. भरीस भर म्हणजे इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीच्या पत्रांत सालही एकाने मागे असू शकतं.

सोडवायचं तिथीने. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पायाभरणीचा मुहूर्त २५ नोव्हेंबर १६६४ म्हणून आपण सगळीकडे वाचतो. तिथी मार्गशीर्ष वद्य द्वितीया. आता २५ नोव्हेंबर ही नव्या पद्धतीची तारीख धरून चंद्र मागे मोजत गेलात तर शुद्ध पक्षातली सप्तमी-अष्टमी येते, जमत नाही. जुनी धरलीत, म्हणजे नव्या पद्धतीने ५ डिसेंबर, की द्वितीया बरोबर बसते. आणि द्वितीया म्हणजे पाणी दीडच्या सुमारास. किल्ला ज्या बेटावर आहे त्या कुरटे बेटावर होड्या कधी लागल्या असतील, पूजेचं सामान कोणाच्या डोक्यावरून उतरलं असेल, हे सगळं त्या दीडच्या आगेमागे लिहायचं.

१७५६ चा विजयदुर्गाचा हल्ला मात्र इंग्रजांनी दिनदर्शिका बदलल्यानंतरचा आहे, तिथे काही बदलायला लागत नाही.

मोडीमित्र

+१. आणि मोडी शिका, मोडी शिका, मोडी शिका. छापील खंडांवर विसंबून किती दिवस काढणार? पुरालेखागाराचे वर्ग असतात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द सुटे नाहीत, पहिले काही आठवडे डोळे फिरतात. मग एक दिवस 'गलबत' हा शब्द आपसूक दिसतो आणि त्यानंतर माणूस कामातून जातो.

खाडीकरीण

मान्य. पण नवख्याने मोडी येईपर्यंत कादंबरी थांबवू नये असं मला वाटतं. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड देवनागरीत छापलेले आहेत, ते आधी चाळा. शिवाय रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातलं आरमाराचं प्रकरण. आरमाराला लाकूड लागतं, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू देऊ नये, कारण झाड वाढायला वर्षं लागतात आणि रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, हे त्यात आहे. मी बागायतदारणीच्या नजरेने ते वाचलं आणि सुताराचं आणि बागवाल्याचं भांडण लिहून काढलं, दोघांचीही बाजू खरी असलेलं. हुकूम कागदावर सापडतो. तो निघावा लागला म्हणजे कोणीतरी कुठेतरी कुऱ्हाड चालवली असणार, ते माणूस कादंबरीवाल्याने शोधायचं.

---

गडभटक्या

तुळाजीला नायक करणं पटलं नाही. पेशव्यांना न जुमानणारा, स्वकीयांची जहाजं लुटणारा माणूस. उगाच सहानुभूती कशाला?

सरखेल_फॅन

अहो पण स्वतःच्या आरमाराचा घास इंग्रजांच्या मदतीने कोणी घेतला? तुळाजीविरुद्ध इंग्रजांशी १७५५ चा तह कोणी केला? तुळाजी पुंड असेल, पण त्याच्या गुराबा जळल्यावर ह्या किनाऱ्यावर इंग्रजांना अडवणारं उरलं कोण?

गडभटक्या

आज मागे वळून बघताना हे सोपं आहे. नानासाहेब पेशव्यांना तेव्हा समोर तुळाजी दिसत होता, प्लासी दिसत नव्हती.

खाडीकरीण

तुम्हा दोघांचंही चालू द्या, मला संवाद फुकट मिळतायत :)

गडभटक्यांचं शेवटचं वाक्य मात्र प्रत्येक ऐतिहासिक कादंबरीकाराने वहीच्या पहिल्या पानावर लिहावं. १७५६ च्या फेब्रुवारीत कोणालाच पुढचं ठाऊक नव्हतं. विजयदुर्ग पडल्यावर इंग्रजांनी तो पेशव्यांना लगेच दिलाही नाही, त्याच वर्षी पुढे बाणकोटच्या बदल्यात सोडला. तुळाजी उरलेलं आयुष्य पेशव्यांच्या कैदेत राहिला. हे मला माहीत आहे, सुताराला नाही. त्याला एवढंच कळतं की मजुरी थकलीय आणि आता ती मागायची कोणाकडे. त्याच्या तोंडी 'फिरंग्यांना घरात घेणं महागात पडेल' असं वाक्य घातलं की वाचक टाळ्या वाजवतो आणि पात्र मरतं.

तुळाजी माझ्याकडे नायकही नाही आणि खलनायकही नाही. तो फक्त चार प्रकरणांत दिसतो, तोही लांबून.

पोफळी

पाण्याखालच्या भिंतीबद्दल लिहिलंय का? विजयदुर्गाजवळ समुद्रात भिंत आहे आणि तिच्यावर शत्रूची जहाजं फुटायची, असं गाइड सांगतात.

खाडीकरीण

पाण्याखाली बांधकाम आहे, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्याची पाहणीही केलीय. पण १७५६ च्या प्रसंगात मी ते वापरलं नाही. त्या दिवशी इंग्रजांची जहाजं खाडीत शिरली आणि तोफा डागल्या हे निर्विवाद आहे. भिंतीवर दोन फोडून दाखवली असती तर प्रसंग रंगला असता आणि डाव्या पानावर लिहायला काही नसतं.

---

सुपारी_सोला

ताई, बोली कशी लिहिता? अठराव्या शतकातला सुतार मालवणी बोलायचा का? आणि खातात काय? परवाच एका कथेत मावळा बटाट्याची भाजी खाताना वाचला.

खाडीकरीण

बटाटा आणि काडेपेटी ह्या दोन गोष्टींनी मराठी ऐतिहासिक कथेचं जेवढं नुकसान केलंय तेवढं औरंगजेबाने केलं नसेल. पेज, नाचणी, सुकट, सोलं, तिरफळ, गूळ एवढ्यात भागवा. विस्तव शेजारून आणा. त्या निमित्ताने शेजारीण पात्र म्हणून घरात येते आणि बातम्याही आणते.

बोलीचं असं की निवेदन प्रमाण मराठीत, संवादात आमच्याकडचा हेल, पण वाचकाला अडेल इतका नाही. लिहून झालं की प्रत्येक संवाद सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवते. त्या 'असा कोण बोलता?' एवढंच म्हणतात. तेवढं पुरतं. पेशव्यांच्या कारकुनाची भाषा मात्र वेगळी हवी, फारसी शब्दांनी भरलेली. कारकून आणि सुतार समोरासमोर आले की कोण कोणाला किती समजतंय, ह्यावरच एक प्रकरण उभं राहतं.

---

चिपळूणचा_नवखा

मी पहिल्यांदाच लिहितोय. बाणकोट-हरिहरेश्वर भागातली, सिद्दीच्या काळातली कादंबरी आहे, दोन तृतीयांश झालीय. आता प्रकाशकांना पाठवायला सुरुवात करू का? आणि एका ठिकाणाहून खर्च वाटून घेऊ असं सांगितलंय, ते नेहमीचं आहे का?

खाडीकरीण

पाठवू नका. आधी पूर्ण करा. अर्धी कादंबरी आवडली तरी प्रकाशक 'पूर्ण झाली की पाठवा' म्हणणार, आणि मग आठ महिन्यांनी तुमचं नाव त्यांना आठवणार नाही.

पूर्ण झाल्यावर तुमच्या कपाटातली ऐतिहासिक पुस्तकं काढा आणि ती कोणी छापली ते बघा. जो प्रकाशक फक्त पाककृती आणि स्पर्धा परीक्षा छापतो त्याला आरमार पाठवून उपयोग नाही. आधी विचारणा: एक पानात कथानक (शेवटासकट, शेवट लपवू नका, तो वाचक नाही), काळ आणि जागा, साधनं कुठली वापरलीत ते चार ओळींत, आणि पहिली दोन प्रकरणं. ऐतिहासिकाच्या बाबतीत त्या साधनांच्या चार ओळींना वजन आहे. पुस्तक आल्यावर कोणी भांडायला आलं तर लेखकाकडे उत्तर आहे का, हे प्रकाशक बघतो. मग थांबा. चार-सहा महिने काही न कळणं नेहमीचं आहे. मधे एक सभ्य फोन करा, आठवड्याला एक नको.

आता खर्च वाटण्याबद्दल. मलाही एकाने असंच सांगितलं होतं. सगळा छपाईखर्च माझा, बदल्यात मला प्रती, आणि हक्क मात्र त्यांच्याकडे. मी नमस्कार केला. पैसे तुम्ही घालणार असाल तर तो व्यवहार छपाईचा आहे. खुशाल करा, पण मग हक्क पूर्ण तुमचे, प्रती तुमच्या, आणि दर दोन-तीन ठिकाणी विचारून घ्या.

करार लेखीच हवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एक गंमत आहे, बहुतेक लेखकांना ठाऊक नसते. हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून कोरी जागा दिसली की घाबरू नका, उलट 'कायमस्वरूपी' आणि 'सर्व माध्यमांत' असे शब्द दिसले की चष्मा पुसा. ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, चित्रपट ह्यांची कलमं वेगवेगळी मागा. मानधन छापील किमतीवर की विक्रीच्या रकमेवर, आणि हिशोब वर्षातून कधी मिळणार, तेही लिहून घ्या.

आणखी एक दार आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच असते. त्यांची जाहिरात आली की नियम नीट वाचून पाठवा.

छापखानेवाला

मी पुस्तकांचा छपाईवाला. ताईंनी लिहिलं ते बरोबर, आमच्या बाजूचं थोडं घालतो. हस्तलिखित युनिकोडमध्येच द्या. जुन्या फॉन्टातून रूपांतर केलं की रफार उडतो, जोडाक्षरं फुटतात आणि 'आंग्रे' चे काय वाटेल ते होतं. पुस्तक १६ पानांच्या फॉर्मात बसतं, त्यामुळे शेवटच्या क्षणी दोन पानांचं ऋणनिर्देश वाढवलंत तर कधीकधी अख्खा फॉर्म वाढतो आणि पैसेही. नकाशा हवा असेल तर आधी सांगा. कोकणातल्या कादंबरीला नकाशा असावाच, असं माझं मत. पुण्यातल्या वाचकाला वाघोटण आणि बाणकोट एकाच खाडीत वाटतात.

शंकासुर

पुण्यातल्या वाचकांच्या वतीने निषेध.

छापखानेवाला

हलके घ्या :) दुसरं म्हणजे मुद्रितशोधन. जो लेखक स्वतःचं प्रूफ स्वतःच तपासतो त्याला चुका दिसत नाहीत, त्याला पुस्तक पाठ असतं. तारखा आणि तिथी वेगळ्या माणसाकडून तपासून घ्या. आकडा चुकला तर वाक्य व्याकरणात बरोबरच राहतं, म्हणून तो निसटतो.

चिपळूणचा_नवखा

खूप आभार, वाचनखूण साठवली. स्वतः छापायचं ठरवलं तर आयएसबीएनला (पुस्तकाच्या ओळखक्रमांकाला) किती खर्च येतो? एकाने पॅकेजमध्ये त्याचे वेगळे पैसे लावलेत.

छापखानेवाला

शून्य. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून फुकट मिळतो, ऑनलाइन अर्ज करायचा. त्याचे पैसे लावणाऱ्याच्या बाकीच्या आकड्यांकडेही एकदा बघून घ्या.

चिपळूणचा_नवखा

बरं झालं विचारलं. आणि कादंबरी पूर्ण व्हायच्या आधी त्यातलं एखादं प्रकरण दिवाळी अंकाला दिलं तर पुढे प्रकाशक नाक मुरडतात का?

खाडीकरीण

मुरडत नाहीत, उलट बरंच असतं, नाव कानावर पडलेलं राहतं. फक्त प्रकरण उचलून जसंच्या तसं पाठवू नका. मागचं-पुढचं माहीत नसलेल्या वाचकाला पुरेल अशी स्वतंत्र कथा करा. तुमच्या सिद्दीच्या काळातला एखादा खलाशी घ्या, एक भरती-ओहोटी एवढाच अवधी ठेवा. बरेच अंक जून-जुलैपर्यंत मजकूर घेतात, काही आधीच भरतात, तेव्हा मे संपायच्या आत संपादकांना विचारा. एका वेळी एकाच अंकाला, आणि सोबत लिहा की ही आगामी कादंबरीवर आधारित आहे. पुनर्मुद्रणाचा हक्क आपल्याकडे राहतो का, ते मात्र आधीच ईमेलवर विचारून ठेवा.